हृदयाच्या गोळ्या आणि कंबरदुखी : दोष नेमका कोणाचा?

गोळीबंद (धागाकर्ता)

हृदयविकारासाठी किंवा रक्तदाबासाठी रोज चार-पाच गोळ्या चालू असतात आणि मध्येच कंबर धरते. मग खोक्यातला घडी घातलेला कागद उलगडला जातो, बारीक अक्षरांत 'पाठदुखी' सापडते आणि एक गोळी कोणालाही न विचारता बंद होते. तसं करण्याआधी काय तपासावं, यासाठी हा धागा.

आधी त्या कागदाबद्दल. चाचणीत सहभागी लोकांनी सांगितलेली प्रत्येक तक्रार नोंदवली जाते, मग ती गोळीमुळे असो वा नसो. त्यामुळे एकटा आकडा वाचण्यात अर्थ नाही, शेजारचा आकडाही बघायचा. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या टिकाग्रेलॉरच्या २००९ सालच्या 'प्लेटो' चाचणीत ३.६ टक्के लोकांनी पाठदुखी सांगितली, आणि त्याच कामाचं क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांपैकी ३.३ टक्क्यांनी. फरक नसल्यात जमा. कोलेस्टेरॉलसाठीच्या इव्होलोक्युमॅब इंजेक्शनवर ६.२ टक्के, तर औषध नसलेल्या इंजेक्शनवर ५.६. कोलेस्टेरॉलच्याच बेम्पेडोइक ॲसिडवर ३.३ विरुद्ध २.२. रक्तदाबाच्या लोसार्टनवर २ विरुद्ध १, टेल्मिसार्टनवर ३ विरुद्ध १. म्हणजे सार्टन गटाकडे बोट दाखवायला थोडी जागा आहे. पण टेल्मिसार्टन घेणाऱ्या शंभरातल्या तिघांची कंबर दुखत असेल, तर त्यातल्या एकाची गोळीशिवायही दुखलीच असती.

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲम्लोडिपिन, नायट्रेट, ॲस्पिरिन यांचा कंबरेशी थेट संबंध लावायला फारसा आधार नाही. ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात, नायट्रेटने डोकं दुखतं, बीटा ब्लॉकरने (मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल) थकवा येतो, कंबर नाही. खरा वाद स्टॅटिनवर, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांवर (ॲटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन वगैरे) आहे. त्यावर जाणकारांनी लिहावं.

त्रिज्या

स्टॅटिनचं दुखणं ओळखण्याच्या काही खुणा आहेत. ते स्नायूंचं असतं, मणक्याचं नव्हे. दोन्ही बाजूंना साधारण सारखं असतं आणि मोठ्या स्नायूंत असतं : मांड्या, कुल्ले, पोटऱ्या, खांदे, त्यांच्या जोडीला पाठ. स्वरूप ठणक्यापेक्षा जडपणा, अशक्तपणा, अंग आंबल्यासारखं. सुरुवात बहुधा गोळी चालू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर चार ते सहा आठवड्यांत होते. पाच वर्षं तोच डोस चालू आहे आणि आज अचानक कंबर धरली, तर स्टॅटिन संशयितांच्या यादीत बरंच खाली जातं. अर्थात मध्ये नवीन औषध, थायरॉइडची गडबड किंवा मूत्रपिंडाचा त्रास सुरू झालेला नसेल तर.

उलट, दुखणं एकाच बाजूला आहे, वाकल्यावर किंवा खोकल्यावर कळ येते, कुल्ल्यातून गुडघ्याखाली पायाच्या बोटांपर्यंत उतरते, मुंग्या येतात, तर ते नसेचं आहे. स्टॅटिन नसेच्या रेषेत दुखत नाही. फक्त कंबर दुखते आणि मांड्या, खांदे ठणठणीत, हेही स्टॅटिनच्या बाजूने जात नाही.

घरी करता येईल अशी एक परीक्षा : हात छातीवर घडी घालून खुर्चीतून उठायचं. उठताना कंबरेत कळ येते पण मांड्या उचलतात, तर कारण बहुधा कंबरेत. कळ फारशी नाही पण मांड्याच उचलत नाहीत, हाताचा टेकू लागतो, तर स्नायूंची ताकद कमी झालेली असू शकते. अशा वेळी त्याच आठवड्यात रक्त तपासावं.

साधा_प्रश्न

रक्त तपासावं म्हणजे सीपीके, ते स्नायूंमधलं एन्झाइम, ना? ते नॉर्मल आलं की स्टॅटिन सुटलं असं समजायचं का?

निरक्षीर

नाही. स्टॅटिनने स्नायू दुखणाऱ्या बहुतेकांचं सीपीके नॉर्मलच असतं. ही तपासणी गोळी दोषी आहे का हे सांगत नाही, स्नायूंची मोडतोड किती झाली ते सांगते.

उलट बाजूने फसगत जास्त होते. जोरकस व्यायाम, पडझड, फिट येणं यांनी सीपीके वाढतं. कुल्ल्यात घेतलेल्या इंजेक्शननेही वाढतं, आणि याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. कंबर दुखते म्हणून आज डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, उद्या सीपीके, परवा 'स्टॅटिनने स्नायू खराब झाले' असा निष्कर्ष! तपासणीआधी काही दिवस जड व्यायाम आणि कुल्ल्यातली इंजेक्शनं टाळा, किंवा निदान डॉक्टरांना तसं सांगा. हार्ट अटॅकनंतरच्या पहिल्या दिवसांतलं सीपीके तर या कामाचं नसतंच, कारण तेव्हा ते हृदयाच्या स्नायूंतून येत असतं.

आकडा प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या पटीत वाचायचा. चार पटींच्या आत असेल तर घाई नाही. दहा पटींच्या वर असेल तर स्टॅटिन त्याच दिवशी बंद, सोबत क्रिएटिनिन आणि लघवी तपासणी. लघवी कोलासारखी तपकिरी दिसली तर रिपोर्टची वाटही बघू नये, थेट रुग्णालय गाठावं. स्नायू विरघळून मूत्रपिंड बंद पडू शकतं. हे दुर्मिळ आहे, पण झालं तर तासांचा हिशोब असतो.

सीपीकेबरोबर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि ड जीवनसत्त्वही करून घ्या. थायरॉइड कमी असेल तर अंग दुखतं, कोलेस्टेरॉल वाढतं आणि स्टॅटिनचा त्रासही वाढतो, एका दगडात तीन. हृदयाच्या लयीसाठी ॲमिओडॅरोन घेणाऱ्यांनी टीएसएच विसरूच नये, त्या गोळीने थायरॉइड बिघडतं.

कण्हेर

स्टॅटिनच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं. २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये १९ चाचण्यांतल्या सुमारे १ लाख २४ हजार लोकांचं एकत्र विश्लेषण आलं. स्नायूंचं दुखणं किंवा अशक्तपणा स्टॅटिन घेणाऱ्यांत २७.१ टक्के, खोटी गोळी घेणाऱ्यांत २६.६ टक्के. जो थोडा फरक होता तो मुख्यतः पहिल्या वर्षातला.

त्याआधी २०२० ची 'सॅमसन' चाचणी. आधी त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० लोक. प्रत्येकाला वर्षभर आलटून पालटून तीन प्रकारचे महिने : ॲटोर्वास्टॅटिन २० मिग्रॅ, हुबेहूब दिसणारी खोटी गोळी, आणि रिकामी बाटली. त्रासाला शंभरपैकी गुण रोज द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, खोट्या गोळीवर १५.४, खऱ्यावर १६.३. म्हणजे त्रास खरा होता, पण त्यातला नव्वद टक्के भाग गोळी गिळण्याचा होता, औषधाचा नव्हता. हे समजल्यावर त्यातल्या निम्म्यांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

त्रिज्या

आकडे मान्य, कण्हेर. पण याचा अर्थ 'मनाचे खेळ आहेत' असा कोणी काढू नये. चाचण्यांत शक्यतो परस्परविरोधी औषधं घेणारे लोक घेतच नाहीत. प्रत्यक्षात मात्र रुग्णाच्या पिशवीत दहा गोळ्या असतात, आणि गोची तिथे होते.

सिम्व्हास्टॅटिन हे त्यातलं सर्वांत नाजूक. ॲम्लोडिपिनबरोबर २० मिग्रॅच्या वर द्यायचं नाही, डिल्टियाझेम किंवा वेरापामिलबरोबर १० च्या वर नाही, ॲमिओडॅरोन किंवा रॅनोलाझिनबरोबर २० च्या वर नाही, टिकाग्रेलॉरबरोबर ४० च्या वर नाही. ८० मिग्रॅचा डोस नव्या रुग्णांना सुरू करू नये असं अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०११ मध्येच सांगितलं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही ॲन्टिबायोटिक्स आणि बुरशीवरचं इट्राकोनॅझोल यांच्याबरोबर सिम्व्हास्टॅटिन अजिबात नाही. घशासाठी पाच दिवसांचं ॲन्टिबायोटिक लिहिलं तर तेवढे दिवस स्टॅटिन थांबवायचं का, हे लिहिणाऱ्यालाच विचारा. ॲटोर्वास्टॅटिन क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर २० मिग्रॅच्या पुढे नको. ट्रायग्लिसराइडसाठीचं जेमफिब्रोझिल स्टॅटिनशी जुळत नाही, गरज असेल तर फेनोफायब्रेट त्यापेक्षा बरं. हृदयासाठी किंवा गाऊटसाठी दिलेलं कोल्चिसिन, विशेषतः मूत्रपिंड अशक्त असताना, स्टॅटिनबरोबर स्नायूंना त्रास देऊ शकतं.

प्रवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन यकृतातल्या ज्या वाटेवर ही औषधं अडथळा आणतात त्या वाटेने जात नाहीत, म्हणून ॲन्टिबायोटिकशी त्यांची टक्कर कमी.

गोळीबंद

आता गोळी थांबवून बघायची रीत, कारण चूक इथेच होते. डॉक्टरांच्या संमतीने आणि फक्त स्टॅटिन. बाकीच्या गोळ्यांना हात लावायचा नाही.

सीपीके चार पटींच्या आत असेल तर दोन ते चार आठवडे बंद. त्यावर असेल तर सहा आठवडे. बंद करण्याच्या दिवशी दुखणं दहापैकी किती ते लिहून ठेवायचं, कुठे दुखतं तेही, आणि दर रविवारी पुन्हा. त्या काळात नवीन गादी, नवीन व्यायाम, नवीन वेदनाशामक सुरू करायचं नाही. नाहीतर फरक कशाने पडला हे कळणार नाही. ठरलेले आठवडे संपल्यावरही कंबर तितकीच दुखत असेल तर स्टॅटिन निर्दोष, त्याच डोसने परत चालू. दुखणं गेलं तरी निकाल अर्धाच, कारण साधी कंबरदुखीही तेवढ्या काळात बहुधा आपोआप उतरते. गोळी पुन्हा सुरू केल्यावर तेच दुखणं तशाच जागी परतलं, तरच आरोप सिद्ध.

परतलं तर स्टॅटिन कायमचं बाद असंही नाही. कमी डोस किंवा दुसरं स्टॅटिन. रोसुवास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतं, अर्धं व्हायला साधारण १९ तास लागतात. म्हणून ५ मिग्रॅ दिवसाआड किंवा आठवड्यातून दोनदा देऊनही एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बऱ्यापैकी उतरतं. सोबत एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी १० मिग्रॅ जोडता येते. कोएन्झाइम क्यू-१० या पूरक गोळीबद्दल लोक विचारतात. फायद्याचा भक्कम पुरावा नाही.

एक अपवाद. स्टॅटिन थांबवूनही अशक्तपणा वाढत जातो आणि सीपीके उतरत नाही, तर स्टॅटिनमुळे सुरू झालेला पण स्वतंत्र चालू राहणारा प्रतिकारशक्तीचा आजार असू शकतो. त्यासाठी एचएमजीसीआर प्रतिपिंडांची तपासणी असते. ते संधिवात किंवा मेंदू-मज्जा तज्ज्ञांचं काम.

नुकता अटॅक आलेला असेल किंवा नुकताच स्टेंट बसला असेल तर हा प्रयोग घरच्या घरी नको. आणि स्टेंटनंतरची क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर, प्रासुग्रेल तर कंबरेसाठी एक दिवसही चुकवायची नाही, स्टेंटमध्ये गुठळी होते. बीटा ब्लॉकरही झटक्यात बंद केला तर अंजायना उसळतो.

कण्हेर

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा मुद्दा कोणी काढला नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत तातडीचा तोच आहे. वॉरफेरिन, असेनोकूमारॉल, ॲपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांवर असलेल्या माणसाला एकाएकी कंबर, कूस किंवा जांघेत दुखू लागलं, तर पोटामागच्या जागेत रक्त साचलंय का हे आधी बघायचं. पडझड झालेली असायलाच हवी असं नाही.

ओळख अशी : रुग्ण गुडघा पोटाकडे घेऊन पडून राहतो, पाय सरळ केला की कळ येते, मांडीच्या पुढच्या भागाला बधिरपणा, उभं राहताना गुडघा दगा देतो. कंबरेतल्या स्नायूत साचलेलं रक्त मांडीच्या नसेला दाबतं म्हणून हे होतं. कुशीवरचा निळसर डाग उशिरा दिसतो, कधी दिसतही नाही. घाम, चक्कर, रक्तदाब पडणं ही पुढची पायरी. नाडी वेगात जाईल म्हणून वाट बघू नका. बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी साठ-सत्तरवरच राहून फसवते. हिमोग्लोबिन, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) आणि सीटी स्कॅन लागतो. एक्स-रेमध्ये हे दिसत नाही. आणि मालीश तर अजिबात नको.

साधा_प्रश्न

जांघेतून ॲन्जिओग्राफी झाल्यावर त्याच दिवशी कंबर दुखते ती हीच का?

कण्हेर

बहुतेक वेळा नाही. पाय न हलवता तासन् तास उताणं झोपल्याने कंबर धरते. बिछान्याचं डोकं थोडं वर केलं किंवा गुडघ्याखाली उशी दिली, अर्थात परिचारिकेला विचारून, की बरं वाटतं. पण दुखणं दर तासाला वाढतंय, टोचलेल्या बाजूलाच आहे, घाम येतोय, रक्तदाब उतरतोय, तर लगेच सांगायचं. 'झोपून झोपून दुखतंय' असं स्वतःच ठरवू नये.

फिजिओ_ताई

हृदयरुग्णाला कंबरदुखी म्हटलं की मला गोळ्यांआधी नळ्या आठवतात. ज्या आजाराने हृदयाच्या धमन्या अरुंद होतात तोच पोटातल्या मोठ्या धमनीला आणि तिच्या फाट्यांनाही होतो. मग ठरावीक अंतर चाललं की कंबरेखाली, कुल्ल्यांत दुखतं आणि दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहिलं की थांबतं.

मणक्याची नळी अरुंद असली तरी चालताना असंच दुखतं, म्हणून गल्लत होते. फरक असा की मणक्याचं दुखणं नुसतं उभं राहून जात नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. सामान ठेवायची ढकलगाडी धरून वाकून चालताना त्रास नसेल आणि सरळ चालताना होत असेल तर मणका. सायकलवर काही होत नाही पण चालताना होतं, तरीही मणका. धमनीचं दुखणं सायकलवरही येतं. जांघेतली आणि पायांवरची नाडी चाचपून बघायला, घोटा-दंडाचा रक्तदाब तुलनेने मोजायला फार वेळ लागत नाही.

दुसरं, पोटातल्या महाधमनीचा फुगा. धूम्रपान केलेले, ६५ च्या पुढचे पुरुष यात जास्त. पोटाच्या मधोमध धडधड आणि मागे खोल दुखणं असेल तर साधी सोनोग्राफी पुरते. पुरुषांत ५.५ सेमीला शस्त्रक्रियेचा विचार होतो. आणि एका क्षणात सुरू होऊन पहिल्याच क्षणी कमाल तीव्रतेची, फाटल्यासारखी पाठदुखी असेल तर ती कंबरदुखी समजायचीच नाही, रुग्णवाहिका बोलवायची.

निरक्षीर

+१. त्यात भर : कृत्रिम झडप किंवा पेसमेकर असलेल्याला ताप आणि कंबरदुखी एकत्र असेल, तर झडपेला जंतुसंसर्ग होऊन तो मणक्यात पोचला असण्याची शक्यता धरावी. ॲन्टिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर घ्यायला हवं. दोन गोळ्या आधीच पोटात गेल्या तर जंतू सापडत नाही आणि निदान लांबतं.

मधुमेह किंवा हार्ट फेल्युअरसाठी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना कुशीत दुखणं, थंडी-ताप आणि लघवीची जळजळ असेल तर मूत्रपिंडाचा संसर्ग बघावा, कंबरेचा पट्टा घेऊ नये.

आणि यादीतली हृदयाची नसलेली गोळी विसरू नका. दोन रक्तपातळ गोळ्यांबरोबर पोटासाठी पॅन्टोप्राझोल किंवा तत्सम गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. दीर्घकाळ घेतल्यास मणका, खुबा, मनगट मोडण्याचा धोका थोडा वाढतो, असा इशारा एफडीएने २०१० मध्ये दिला. मॅग्नेशियम कमी होतं हा इशारा २०११ मध्ये. उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, वाकल्याचं किंवा वजन उचलल्याचं निमित्त होऊन कंबरेच्या वर मधोमध एका बोटाच्या जागी कळ आली, तर मणका दबलाय का त्यासाठी एक्स-रे.

साधा_प्रश्न

हे सगळं तपासून होईपर्यंत दुखण्यावर काय घ्यायचं? आणि लघवी होण्याच्या गोळीने कंबर दुखते का?

कण्हेर

दुसऱ्याचं उत्तर छोटं. फ्युरोसेमाइड, टोर्सेमाइड, क्लोर्थॅलिडोन यांनी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरतं, गोळे येतात. पण ते जास्त करून पोटऱ्यांत, रात्री. पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर भरून काढावं, पण स्वतःहून नव्हे. स्पायरोनोलॅक्टोन किंवा सार्टन चालू असताना पोटॅशियमचं सिरप घेतलं तर ते उलट जास्त होऊन हृदयाची लय बिघडते.

पहिल्याचं उत्तर जरा लांबेल, कारण हृदयाच्या गोळीने कंबर क्वचितच बिघडते, कंबरेच्या गोळीने हृदय मात्र सर्रास बिघडतं. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन : हा सगळा गट शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतो, रक्तदाब वाढवतो, हार्ट फेल्युअर बळावतो आणि अटॅकचा धोका वाढवतो. एटोरिकॉक्सिब तर इस्केमिक हृदयविकारात वर्ज्यच. सार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी, लघवीची गोळी आणि त्यावर हे वेदनाशामक, असे तिघे एकत्र आले की मूत्रपिंड कोलमडतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर पोटातून रक्तस्राव.

आयबुप्रोफेनचा आणखी एक घोळ. ॲस्पिरिनला प्लेटलेटवर जिथे बसायचं असतं ती जागा ते अडवून ठेवतं. आयबुप्रोफेन साध्या ॲस्पिरिननंतर निदान अर्ध्या तासाने किंवा ॲस्पिरिनच्या निदान आठ तास आधी घ्यायचं, असा नियम आहे. पण पोटात न विरघळणाऱ्या आवरणाच्या ॲस्पिरिनला तो धरता येत नाही. त्यापेक्षा नकोच.

पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅच्या एक-दोन गोळ्या सहा तासांनी, उतारवयात किंवा वजन कमी असेल तर दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी, डॉक्टर सांगतील तितकंच. कंबरेला त्याचा गुण बेताचाच आहे, पण नुकसान कमी. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या नकोत; त्यांपैकी काहींत एका गोळीत ४०० मिग्रॅच्या आसपास सोडियम असतं, आणि दिवसाची शिफारसच २ ग्रॅमच्या आत आहे. वॉरफेरिनवर असलेल्यांनी रोज २ ग्रॅम किंवा जास्त पॅरासिटामॉल सलग काही दिवस घेतलं तर आयएनआर चढतो, तो तपासून घ्यावा.

निरक्षीर

कंबरेसाठीच्या मिश्र गोळ्यांची पाठीमागची ओळ वाचा. नाव एक, आत तीन औषधं, आणि त्यात असेक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक हमखास. वर पॅरासिटामॉलही असतंच, म्हणजे वेगळी पॅरासिटामॉल घेतली की दुप्पट.

टिझॅनिडिन स्नायू सैल करतं पण रक्तदाबही उतरवतं. रक्तदाबाच्या गोळ्यांवर असताना पहिला डोस २ मिग्रॅ, रात्री, आणि उठताना आधी बिछान्याच्या कडेला बसून मग उभं. सिप्रोफ्लॉक्सासिन या ॲन्टिबायोटिकबरोबर ते अजिबात नाही, टिझॅनिडिनचं रक्तातलं प्रमाण अनेक पटींनी वाढतं. नसेच्या दुखण्यावरच्या प्रीगाबालिनने पाय सुजतात, हार्ट फेल्युअर असणाऱ्यांनी जपून.

फिजिओ_ताई

शेक चालतो : कोरडा, पंधरा-वीस मिनिटं, कातडी लाल भाजेल इतका नको. पेसमेकर असेल तर विजेच्या लहरींची यंत्रं हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नयेत. डायक्लोफेनॅकचं मलम गोळीच्या मानाने अंगात फार थोडं जातं, थोड्या जागेवर चार-पाच दिवस ठीक. वॉरफेरिनवर असाल तर तेही सांगून.

अंथरुणात पडून राहू नका. आणि शी-शूच्या जागेभोवती बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, दोन्ही पायांची शक्ती जाणं यांतलं काहीही दिसलं तर गोळ्यांची चर्चा बाजूला, त्याच दिवशी शल्यचिकित्सक.

त्रिज्या

एक राहिलं. टाडालाफिल. फुफ्फुसांच्या रक्तदाबासाठी ४० मिग्रॅ रोज दिलं जातं, आणि इतर कारणासाठी लोक न सांगता घेतात. त्याने कंबर खरोखर दुखते : गोळीनंतर १२ ते २४ तासांनी, दोन्ही बाजूंना, झोपल्यावर जास्त, आणि एखाद-दुसरा डोस असेल तर दोन दिवसांत जाते. 'कंबर कोणत्या गोळीने दुखतेय' हे विचारताना ही गोळी लपवली जाते आणि मग सगळा आळ स्टॅटिनवर. त्याहून महत्त्वाचं, नायट्रेट घेणाऱ्यांनी ती घेऊच नये. घेतली असेल तर पुढचे ४८ तास जिभेखालची गोळी चालत नाही, हे छातीत दुखलं तर रुग्णालयात सांगावंच लागतं.

साधा_प्रश्न

स्टॅटिन रात्रीऐवजी सकाळी घेतलं तर दुखणं कमी होईल का?

त्रिज्या

नाही. सिम्व्हास्टॅटिन शरीरात थोडाच वेळ टिकतं म्हणून रात्री देतात, कारण कोलेस्टेरॉल रात्री जास्त तयार होतं. ॲटोर्वा आणि रोसुवा कधीही घ्या, फक्त रोज त्याच वेळी.